जावई आणि गडी

एकोणीसशे एक्याऐंशीच्या हिवाळ्यातल्या एका सकाळी, दुकान उघडून तासभर झाला असेल नसेल, माझ्या वहिनीने नेहमीसारखं दोन तव्यांवर एकेक अंडं फोडलं आणि दोन्ही अंडी घसरली.

डावीकडचं घसरायलाच हवं होतं, त्यासाठीच तिला पगार होता. उजवीकडचं चिकटायला हवं होतं, पगार त्यासाठीही होता. वहिनीने डावा तवा तिरका केला, अंडं बशीत आलं. मग उजवा तिरका करून तिने उलथण्याकडे हात नेला, पण उलथणं लागलंच नाही. अंडं आपलं आपण दुसऱ्या बशीत जाऊन पडलं. समोर पाचसहा बायका होत्या आणि एक म्हातारे गृहस्थ. त्यांच्या मागे आमचे मॅनेजर आणि मॅनेजरांच्या शेजारी कंपनीच्या बाई, ज्या खास वहिनीचं काम बघायला दुसऱ्या गावाहून आल्या होत्या.

म्हातारे गृहस्थ म्हणाले, "मग आम्ही महागातला घ्यायचा कशाला?"

बायका हसल्या. वहिनी हसली नाही आणि घाबरलीही नाही. त्या दिवसांत ती सगळ्याच गोष्टींकडे जशी बघायची तशी दोन्ही बशांकडे बघत राहिली. मी पलीकडे काचसामानाच्या काउंटरवर होते. हातात पेला होता, तो पुसून झाला होता, तरी पुसत राहिले.

आमचं दुकान चार मजल्यांचं होतं आणि स्वयंपाकाची भांडी तळघरात होती. तिथे खिडकी नव्हती. बाहेर ऊन आहे की पाऊस ते गिऱ्हाइकांच्या छत्र्यांवरून कळायचं. जिन्याच्या पायथ्याशी दोन शेगड्यांचं एक टेबल होतं आणि त्यामागे वहिनी उभी असायची, पांढऱ्या एप्रनमध्ये. दुकानात तिला सगळे 'अंडेवाल्या बाई' म्हणत. तिला त्याचं काही वाटत नसे. उलट घरी येऊन सांगायची, आज नव्या पोऱ्याने मला अंडी कशी डझन म्हणून विचारलं.

तवे दोन्ही बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे. डावीकडचा एका मोठ्या कंपनीचा. आतून आरशासारखा गुळगुळीत, अंगाने पातळ, हातात हलका. तो मऊ कापडाच्या पिशवीत यायचा, पिशवी खोक्यात, आणि खोक्यावर त्याचंच रंगीत चित्र. उजवीकडचा आमच्याच गावच्या फाउंड्रीतला. वाळूच्या साच्यातून जसा निघाला तसाच बाजारात आलेला, अंगावर वाळूचा रवा उमटलेला, जड, दांडा आखूड. त्याला खोकं नाही, पिशवी नाही. एकावर एक असे ढीग लावून ठेवलेले असायचे आणि वरच्या तव्यात किमतीची चिठ्ठी. किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. तो फरक गिऱ्हाइकाच्या गळी उतरवायचा, हे वहिनीचं काम.

ती जास्त बोलायची नाही. अंडं घसरलं की म्हणायची, "हा सोडतो." मग दुसरीकडे उलथण्याने खरवडत म्हणायची, "हा धरतो." एवढंच. पण त्या खरवडण्याचा आवाज तळघरभर जायचा. पेले मांडता मांडता नुसत्या आवाजावरून मला कळायचं की वहिनी कुठवर आली आहे. त्या आवाजानेच खोकी खपत.

आता यातली गोम सांगते. बिडाचा तवा, महाग असो की स्वस्त, तेलाने मुरतो. वापरून, कोमट पाण्याने धुऊन, शेगडीवर सुकवून, फडक्याने पुसट तेल फिरवत राहिलं की त्यावर काळा तुकतुकीत थर चढतो आणि मग त्याला काही चिकटत नाही. वहिनी हे रोज संध्याकाळी डावीकडच्या तव्याला करायची. उजवीकडच्याला ती घासायची पावडर आणि तारेची घासणी लावायची, पार करडं लोखंड दिसेपर्यंत, म्हणजे सकाळी तो पुन्हा उघडा आणि पुन्हा चिकट. असं करा म्हणून कंपनीने कुठे लिहून दिलं नव्हतं. वहिनीच्या आधी जी बाई होती तिने तोंडी शिकवलं होतं, तिला आणखी कुणीतरी. मॅनेजरांना ठाऊक होतं असंही नाही आणि नव्हतं असंही नाही.

माझा दादा त्या फाउंड्रीत होता. वाळूचे साचे करायचा. म्हणजे उजवीकडचे ते तवे त्याच्या आणि त्याच्यासारख्या दहाबारा जणांच्या हातचे. वहिनीला ही नोकरी लागली तेव्हा मला वाटलं, घरात आता भांडण होणार. झालं भलतंच. गिऱ्हाइकांना करून दाखवायला लागणारा स्वस्त तवा दुकानाने फाउंड्रीकडून मागवला, तेव्हा दादाने तो स्वतः निवडून, स्वतः आणून दिला. प्रत्येक कारागिराची तव्याच्या पाठीवर दांड्याजवळ एक खूण असे, माल परत आला तर कुणाचा ते कळावं म्हणून. दादाची खूण तीन टिंबांची, चुलीच्या दगडांसारखी मांडलेली. हा तवा त्याच्या खुणेचा होता.

मी म्हटलं, अरे, दुसऱ्या कुणाचा द्यायचास.

तो म्हणाला, "रोज चारचौघांत शिव्याच खायच्यात ना? मग माझ्याच तव्याला खाऊ दे. दुसऱ्याच्या पोटावर पाय कशाला?"

महागड्याला जावई हे नाव त्यानेच ठेवलं. पिशवीत येतो, खोक्यात झोपतो, जरा आपटला की घरादाराच्या जिवाला घोर. आणि आपला तो गडी, कुठेही टाका, कसाही राबवा. पण दादा कामाच्या बाबतीत खोटं बोलणारा नव्हता. एकदा दुकानात येऊन त्याने जावयाला हातावर तोलून पाहिला, टिचकी मारली, कानाशी धरला आणि म्हणाला, माल चांगला आहे, इतकं पातळ ओतायचं तर हात लागतो. आमच्याला ग्राइंडरवर धरत नाहीत एवढाच फरक, बाकी लोखंड ते लोखंड.

रोज संध्याकाळी आम्ही दोघी घरी यायचो. फाउंड्रीच्या कामगारांसाठी बांधलेल्या दोन खोल्या होत्या आमच्या. दादा, वहिनी, त्यांची मुलगी म्हणजे माझी भाची, आणि मी. माझं लग्न झालं नव्हतं, पुढेही झालं नाही. दादा आमच्या आधी आलेला असायचा, अंघोळ करून, तरी कानाच्या पाळीत काळी वाळू राहिलेली. वहिनी चप्पल काढत असतानाच तो विचारायचा, "काय, आज कितीदा चिकटलो?"

"बरेचदा," वहिनी म्हणायची. किंवा, "आज गर्दी होती. तुमचं काही खरं नव्हतं." किंवा नुसतंच, "भूक लागलीय का?" पण तो विचारल्याशिवाय राहायचा नाही. भाची लहान होती तेव्हा तिला वाटायचं, बाबा खरंच दुकानात जाऊन कशाला तरी चिकटून येतात.

दादा गेला तो त्या वर्षीच्या हिवाळ्याच्या तोंडाशी. दुपारचं जेवण झाल्यावर फाउंड्रीच्या बाकावर भिंतीला टेकून बसला. त्याला काही दिवस खोकला होता, रात्री झोप नसायची, हे सोबत्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी त्याला उठवलं नाही. झोपू दे थोडा, म्हणाले. भोंगा झाला तरी झोपू दिला.

तळघरातला फोन माझ्या काउंटरवर होता, त्यामुळे तो मीच घेतला. मी वहिनीच्या टेबलाशी जाऊन तिला सांगितलं. कोणत्या शब्दांत ते आठवत नाही. तिने आधी जावयाखालचा गॅस बंद केला, मग गड्याखालचा. समोरच्या बाईंना म्हणाली, थोडं थांबावं लागेल हं. एप्रन काढला, घडी केली. आम्ही जिन्यापर्यंत गेलो आणि ती परत फिरली. गड्यात अर्धं अंडं चिकटलेलं होतं. तिने त्यात पाणी घातलं.

"वाळून बसलं तर निघायचं नाही," ती मला म्हणाली.

आमच्या घरात रडारड अशी झाली नाही. लोक आले, गेले. आठवडा पुरता संपायच्या आत आम्ही दोघी कामावर होतो. घरी बसून करायचं काय, असं कुणी बोललं नाही, पण तसंच होतं ते. वहिनी वेळेवर उठायची, भाचीचा डबा भरायची, बसमध्ये माझ्या शेजारी बसायची. कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायची. उत्तर बरोबर असायचं. फक्त त्याला थोडा उशीर लागायचा, लांबच्या फोनवर लागतो तसा. माझंही काही वेगळं नव्हतं. गिऱ्हाइकाने पेला फोडला तर पूर्वी माझ्या काळजात धस्स व्हायचं. त्या दिवसांत एकाने अख्खा संच पाडला आणि मी केरसुणी आणायला गेले, बस.

संध्याकाळी दुकान बंद झालं की मी दोघींचे कोट हातावर घेऊन तिच्याजवळ उभी राहायची. ती मागच्या मोरीत तवे धुवायची. कोमट पाण्याने धुतले, शेगडीवर सुकवले, फडक्याने तेल फिरवलं. जावयाला फिरवलं, गड्यालाही फिरवलं. घरच्या भांड्यांना कुणीही करील तसं. मी रोज बघत होते आणि मला त्यात वावगं काही दिसलं नाही. पावडरचा डबा मोरीवरच्या फळीवर होता, त्यावर धूळ बसली असेल.

गडी एका दिवसात बदलला नाही. आधी थोडा कमी धरायला लागला. मग कडेला धरायचा, मध्ये सोडायचा. वहिनी सवयीने उलथणं फिरवायची. आवाज बारीक होत गेला. थंडीत तळघरात गिऱ्हाईकही कमी, कुणाचं लक्ष गेलं नाही. तो आवाज नेमका कधी थांबला, ते मला सांगता यायचं नाही.

आणि नेमक्या त्याच महिन्यात कंपनीच्या बाई आल्या. त्यांना आमच्या भागासाठी कायमची बाई नेमायची होती. आजवर वहिनीला दुकानाकडून रोजावर काम होतं. ही नोकरी थेट कंपनीची, आणि कंपनीच्या गोदामावर राहायला दोन खोल्या. फाउंड्रीच्या खोल्या आम्हाला सोडायच्या होत्याच. माणूस गेला की खोली जाते, त्यात फाउंड्रीवाल्यांचा काही दोष नव्हता. उलट भाचीची परीक्षा होईपर्यंत राहा, म्हणाले होते. परीक्षा झाली की कुठे जायचं, याचा विचार आम्ही दोघी करत होतो असं एकमेकींना दाखवत होतो. मॅनेजरांनी वहिनीचं नाव पुढे केलं. मनाने वाईट नव्हते ते. त्यांच्या पॅंटची घडी कधी मोडायची नाही म्हणून आम्ही त्यांना घडीसाहेब म्हणायचो. ते म्हणाले, नेहमीचं दाखवायचं, नोकरी तुमचीच आहे.

तर ती ही सकाळ.

म्हाताऱ्या गृहस्थांनी ढिगातला एक स्वस्त तवा उचलला, वहिनीला नमस्कार केला आणि पैसे भरायला गेले. कंपनीच्या बाई म्हणाल्या, पुन्हा एकदा दाखवा. वहिनीने पुन्हा अंडी फोडली. पुन्हा दोन्ही घसरली. घडीसाहेबांनी तिला वर ऑफिसात बोलावलं. मीही गेले. कुणी बोलावलं नव्हतं, पण कुणी थांब म्हटलं नाही.

त्यांनी विचारलं, हे मुद्दाम केलंत का? वहिनी नाही म्हणाली. मग झालं कसं?

"घासायचं राहिलं," वहिनी म्हणाली.

"किती दिवस?"

ती आठवत राहिली. नेहमीसारखा थोडा उशीर लागला.

"हे गेल्यापासून."

घडीसाहेबांनी टेबलावरचं पेन उचललं, टोपण काढलं, परत लावलं. कंपनीच्या बाई वहिनीएवढ्याच वयाच्या असतील. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि समजावणीच्या सुरात सांगितलं की असं होतं, कुणाचंही होईल. आज संध्याकाळी तवा लख्ख घासा. मी उद्या दुपारच्या गाडीने जाणार, सकाळी एकदा बघते, आजचं आपण विसरून जाऊ. वहिनीने मान हलवली. तिला ती नोकरी हवी होती. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे लोकांनी तिच्या वागण्याला मानीपणाचा रंग दिला. तसलं काही नव्हतं.

संध्याकाळी मोरीत तिने गड्यावर पावडर टाकली, घासणी घेतली आणि गोल दोन हात फिरवले. काळ्यावर बारीक ओरखडे उठले. मग तिने तवा पालथा केला. पाठीमागे तीन टिंबं होती. ती त्यांच्याकडे बघत राहिली असंही नाही, नुसता तिचा हात थांबला.

"वन्सं, हात चालत नाही," ती म्हणाली. मनगट आखडलंय असं सांगावं तशी म्हणाली.

"मी घासू?"

तिने विचार केला. "नको."

मी म्हटलं, "वहिनी, खोल्या."

"माहीत आहे," ती म्हणाली. तिने पावडर धुऊन टाकली, तवा सुकवला आणि तेलाचं फडकं घेतलं. घरी जाताना बसमध्ये ती झोपली.

सकाळी मीच घडीसाहेबांना गाठलं आणि घासला नाही म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "अहो, मग ढिगातला दुसरा घ्या. त्यात काय एवढं?" खरंच, त्यात काय एवढं. कोरा तवा चिकटणारच. हे रात्रभर आम्हा दोघींपैकी एकीलाही सुचलं नव्हतं. मला वाटलं, सुटलो.

घडीसाहेबांनी स्वतः एक तवा आणून टेबलावर ठेवला. वहिनीने त्याच्यावरचं, गंजू नये म्हणून लावलेलं मेण धुतलं, पुसलं. मग पालथा केला. पाठीवर एक आडवी रेघ आणि एक टिंब. दुसऱ्या कुणाची तरी खूण. कुणाची ते तिला ठाऊक असेल, मला नव्हतं. तिने तो शेगडीवर ठेवला.

गिऱ्हाईक जमलं. कंपनीच्या बाई हातात बॅग घेऊनच उभ्या होत्या. वहिनीने दोन अंडी फोडली. जावयावरचं घसरलं. "हा सोडतो," वहिनी म्हणाली. मग तिने दुसऱ्या तव्याचा दांडा धरून हलवला. अंडं जागचं हललं नाही. घट्ट धरलं होतं. कंपनीच्या बाईंनी सुस्कारा टाकलेला मला दिसला. आता फक्त उलथणं घालायचं आणि खरवडायचं आणि दोन शब्द म्हणायचे.

वहिनीने उलथणं उचललं. मग गॅस बारीक केला आणि उलथणं खाली ठेवलं.

ती थांबली. सगळे थांबले. एका बाईने दुसरीला विचारलं, बिघडलं का काही? घडीसाहेबांनी घसा खाकरला. कंपनीच्या बाई हळूच म्हणाल्या, काहीतरी बोला ना. हात एप्रनला पुसून वहिनी उभी राहिली, बस यायची वाट बघत उभं राहतात तशी. किती वेळ गेला कोण जाणे. तळघर इतकं शांत झालं की तेलाचा बारीक चुरचुर आवाज माझ्या काउंटरपर्यंत येत होता. मग तोही जरा बदलला. वहिनीने तवा हलवला. अंडं कडेने सुटलं, मग मधून. तिने ते बशीत ओतलं. जरा जास्त लाल झालं होतं, पण अख्खं होतं.

"थांबलं की हाही सोडतो," ती म्हणाली.

मनगटाला पट्टा बांधलेली एक बाई पुढे होती. तिने विचारलं, "मग दोन्हींत फरक काय हो?"

वहिनीने तिच्या मनगटाकडे पाहिलं. "हा हलका आहे. तुमचा हात दुखतो ना, तुम्ही हाच घ्या. घाई असेल त्यांनीही हाच घ्यावा, मेहनत कमी लागते. बाकी तो पुष्कळ टिकेल. हाही टिकेल."

त्या बाईने महागडा घेतला, खोक्यासकट. आणखी एकीने स्वस्तातला घेतला. दोघी आपापल्या तव्यावर खूश होऊन जिना चढून गेल्या.

कंपनीच्या बाईंनी वहिनीला बाजूला नेलं. रागावल्या नाहीत. त्यांनी तिच्या दंडाला हात लावला आणि म्हणाल्या, "तुम्ही विकाल हो, मला दिसतंय ते. पण बाकीच्या दुकानांतल्या बायकांना मी काय शिकवू? थांबा म्हणून?"

वहिनी म्हणाली, बरोबर आहे. खरोखरच तिला ते बरोबर वाटलं असावं. बाई दुपारच्या गाडीने गेल्या. आठवड्याभरात दुसरी मुलगी आली, उंच, बोलकी, उलथणं जोरात चालवणारी. वहिनीला घडीसाहेबांनी मागच्या खोलीत बांधाबांधीच्या कामावर घेतलं. पगार कमी होता. गडी त्यांनी मला वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. तुमच्या घरचाच ना हा, एवढंच म्हणाले.

कंपनीच्या बाई गेल्या त्या संध्याकाळी आम्ही घरी आलो. भाची खिडकीत अभ्यास करत होती. मी पाव कापायला घेतला. वहिनी दारात वाकून चप्पल काढत होती. कुणी काही विचारलेलं नव्हतं.

"एकदाही नाही," वहिनी म्हणाली.

मग ती आत आली आणि पातेल्यात पाणी तापत ठेवलं. भाचीने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी पाव कापत राहिले.

परीक्षा झाल्यावर आम्ही एका खोलीत राहायला गेलो, रस्त्याच्या आवाजाची, पण सकाळी ऊन येणारी. वहिनीने मागच्या खोलीत नोकरी पुरी केली. निवृत्त झाली तेव्हा तिने बांधलेल्या खोक्यांतली काच कधी फुटून आली नाही, असं कुणीतरी भाषणात म्हणालं. फाउंड्री पुढे बंद पडली. त्या खोल्या पाडून तिथे गाड्या उभ्या करायची जागा केली. मोठ्या कंपनीने बिडाचं काम सोडून काळ्या मुलाम्याची हलकी भांडी काढली, ती अजून खपतात म्हणे. दुकान दोनदा विकलं गेलं. घडीसाहेब एकदा बागेत भेटले, फार वर्षांनी. पायजमा चुरगळलेला होता. त्यांनी मला ओळखलं नाही, वहिनीची मात्र चौकशी केली, त्या अंडेवाल्या बाई कशा आहेत म्हणून. कंपनीच्या बाईंचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. उंच मुलीने लग्न करून नोकरी सोडली.

भाची शिकली, प्रयोगशाळेत लागली. पहिल्या पगारात तिने आईला जावई आणला. तोवर वहिनीची मनगटं कामातून गेली होती, गडी तिला उचलायचा नाही. तिने जावई रोज वापरला, मनापासून वापरला. चांगला आहे हो, म्हणायची. गडी खिळ्याला टांगलेला असायचा. आठवड्यातून एकदा ती मला तो काढून द्यायला सांगायची, त्यात काही शिजवायची नाही, गरम करून तेलाचं फडकं फिरवायची आणि परत टांगायला लावायची. भाची आता दूर असते. रविवारी फोन करते. बोलता बोलता विचारते, आत्या, जेवलीस का, आणि तिच्या आवाजात तिच्या बापाचा आवाज येतो.

वहिनी गेली त्याला तीन पावसाळे झाले. ती गेल्यावर गड्याकडे माझं लक्ष राहिलं नाही. परवा भिंतीला रंग द्यायचा म्हणून दोन्ही हातांनी खाली काढला, तर आतून सगळा गंजला होता. नुसतं पुसून निघण्यासारखा गंज नव्हता तो. मी खाली जाऊन तारेची घासणी आणली, पावडर आणली, आणि मोरीत बसून घासायला लागले. माझा हात हळू चालतो आता. गंज गेला, त्याखालचा काळा थर गेला, आणि दुपारी केव्हातरी खालचं करडं लोखंड दिसलं, उघडं, कोरं. इतक्या वर्षांत मी ते पाहिलं नव्हतं. दादा होता तेव्हा रोज संध्याकाळी ते तसं दिसायचं.

मी तवा शेगडीवर सुकवला आणि तेलाचं फडकं घेतलं.